एक्सप्रेसची १० जीबीची मर्यादा जवळ आली: स्टँडर्डचा परवाना घ्यावा की पोस्टग्रेसवर जावं?

प्रश्न: स्टॉक_लेजर

ऑर्डर आणि स्टॉकचं आमचं स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेसच्या एक्सप्रेस या फुकट आवृत्तीवर चालतं. डेटा फाइल ८.६ जीबी झाली आहे आणि महिन्याला साधारण २०० एमबीने वाढते. एक्सप्रेसला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा, म्हणजे हातात फार तर सात महिने.

वापरणारे एकूण ४०, एका वेळी २५ च्या आसपास. सर्व्हर म्हणजे ४ कोअर आणि १६ जीबी मेमरीचं व्हर्च्युअल मशीन. स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम) १८० च्या घरात. महिनाअखेरीचे रिपोर्ट फार रेंगाळतात आणि ते चालू असताना बाकीच्यांचे बिलाचे स्क्रीनही अडकून बसतात.

समोर तीन पर्याय आहेत: स्टँडर्ड या विकतच्या आवृत्तीचा परवाना, पोस्टग्रेस हा फुकट डेटाबेस, किंवा क्लाउडवरचा मॅनेज्ड (सेवा देणारी कंपनीच सांभाळते असा) डेटाबेस. काही बिघडलं तर एक तासापेक्षा जास्त डेटा जाऊ नये आणि चार तासांत काम पुन्हा सुरू व्हावं, एवढी अपेक्षा आहे. खर्च आणि क्षमता यांचा हिशोब नेमका कसा मांडायचा? नुसती परवान्याची किंमत बघून ठरवायचं नाही, हे कळतं. पण मग बघायचं काय?

उत्तर: रो_लॉक

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत: जागा, मेमरी आणि अडकणारे स्क्रीन. तिन्हींचं औषध एकच असेल असं धरून खरेदी केलीत, तर पैसे जातील आणि त्यातलं एखादं दुखणं तसंच राहील. म्हणून प्रत्येक वेगळं तपासा.

जागेपासून सुरुवात करा. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये) डेटाबेसवर राइट क्लिक करून रिपोर्ट्स, स्टँडर्ड रिपोर्ट्स, आणि तिथे ‘डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स’ उघडा. पहिली पाच टेबलं कोणती, त्यांचा डेटा किती आणि इंडेक्स किती, हे इथे लिहा. ऑडिटचा लॉग आणि आत ठेवलेल्या पीडीएफ फाइली मिळून निम्मी जागा खातात, हे चित्र अशा सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचं आहे. १० जीबीची मर्यादा डेटा फाइलींना लागू आहे, ट्रान्झॅक्शन लॉगला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीला) नाही. फाइलस्ट्रीममध्ये, म्हणजे डिस्कवरच्या वेगळ्या फाइलींत, ठेवलेला डेटाही तिच्यात धरला जात नाही.

आता मेमरी. एक्सप्रेस डेटा पानं मेमरीत ठेवण्यासाठी एका इन्स्टन्सला (चालू असलेल्या एका सर्व्हरला) १४१० एमबीच वापरतं. तुमच्या १६ जीबीतली बरीचशी मेमरी त्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच आहे. महिनाअखेरीचा रिपोर्ट ३-४ जीबी डेटा वाचत असेल, तर प्रत्येक वेळी डिस्कवर जाणं आलंच. वेट स्टॅटिस्टिक्समध्ये (सर्व्हर कशासाठी किती थांबला याच्या आकड्यांत) ‘पेजआयओलॅच’ने सुरू होणारे, म्हणजे डिस्कवरून वाचण्याचे, वेट वर दिसले, तर दुखणं हे आहे. ‘एलसीके’ने सुरू होणारे वर दिसले, तर मात्र दुखणं लॉकिंगचं (एकाने धरलेली ओळ सुटेपर्यंत दुसऱ्याने थांबण्याचं) आहे आणि मेमरी कितीही वाढवली तरी ते जाणार नाही.

आणि कोअर. एक्सप्रेसची मर्यादा एक सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) किंवा ४ कोअर, यातलं जे कमी असेल ते. व्हर्च्युअल मशीनला ‘४ सॉकेट, प्रत्येकी १ कोअर’ अशी मांडणी दिली असेल, तर एक्सप्रेस त्यातला एकच कोअर वापरतं. मशीनच्या सेटिंगमध्ये ‘१ सॉकेट, ४ कोअर’ करून पुन्हा सुरू करा. इतकी साधी गोष्ट, पण एक्सप्रेस संथ चालतं म्हणून तक्रार असते तिथे ती सर्वात आधी बघावी.

लॉकिंगवरचा उपायही फुकटातला आहे. रीड कमिटेड स्नॅपशॉट हा पर्याय एक्सप्रेससह सगळ्या आवृत्त्यांत मिळतो. तो चालू केला की रिपोर्ट वाचणारा बिल लिहिणाऱ्याला अडवत नाही, कारण त्याला ओळीची आधीची प्रत टेम्पडीबीतून (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसातून) मिळते. चालू करताना क्षणभर डेटाबेसवर दुसरं कोणी नको, आणि टेम्पडीबीला पुरेशी जागा हवी.

एक जागा मात्र जपा. ‘आधी शिल्लक वाच, पुरेशी असेल तर मग वजा कर’ असं दोन पायऱ्यांत लिहिलेलं प्रोसीजर असेल, तर आता दोघे जण एकच जुनी शिल्लक वाचून दोघेही माल काढू शकतात. तसा धोका आधीही होता, पण आता वाचणारा थांबतच नसल्यामुळे तो वाढतो. तिथे वाचतानाच अपडेट लॉक घ्या, किंवा एकाच अपडेट वाक्यात ‘शिल्लक ५ किंवा जास्त असेल तरच ५ वजा कर’ अशी अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते तपासा. शून्य ओळी बदलल्या म्हणजे माल नव्हता.

स्टॉक_लेजर

लगेच बघितलं. ऑडिट लॉग ३.९ जीबी, पीडीएफचं टेबल १.६ जीबी, ऑर्डरच्या ओळी १.२ जीबी, बाकी किरकोळ. मशीनची मांडणी खरंच ४ सॉकेटची निघाली. वेटमध्ये ‘एलसीके’ पहिल्या क्रमांकावर आणि ‘पेजआयओलॅच’ दुसऱ्या.

ऑडिटमधल्या दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी काढून दुसरीकडे ठेवायला परवानगी आहे. पण समजा हे सगळं केलं, तरी स्टँडर्ड घ्यायचंच ठरलं तर हिशोब कसा बसेल?

उत्तर: रो_लॉक

ऑडिट काढताना एकाच वाक्यात सगळं डिलीट करू नका. एका वाक्याचे लॉक ५००० च्या आसपास गेले की सर्व्हर पूर्ण टेबलावर लॉक घेतो आणि बिलं थांबतात. ४००० ओळींचा एक घास, मग कमिट, मग पुढचा. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर (लॉग बॅकअप घेईपर्यंत सगळा लॉग ठेवण्याच्या पद्धतीवर) असेल तर मध्ये मध्ये लॉग बॅकअप घेत राहा, नाहीतर लॉग फाइल फुगून डिस्क भरेल.

डिलीट झाल्यावर फाइलचा आकार तसाच दिसेल, त्याची काळजी नको. आत मोकळी झालेली जागा नव्या ओळींना मिळते. श्रिंक (फाइल लहान) करण्याच्या मागे लागलात तर इंडेक्स विस्कळीत होतील आणि हाती काहीच लागणार नाही.

पेज कॉम्प्रेशन (टेबलातला डेटा दाबून कमी जागेत ठेवणं) २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून एक्सप्रेसमध्येही आहे, आणि ऑडिटसारख्या पुनरावृत्तीच्या मजकुरावर ते चांगलं चालतं. पीडीएफवर त्याचा उपयोग नाही. क्रम मात्र आधी डिलीट आणि मग कॉम्प्रेशन असाच ठेवा. कॉम्प्रेशनसाठी टेबल रीबिल्ड होतं, तेव्हा नवी प्रत तयार होईपर्यंत जुनी तशीच राहते, आणि त्या दोन्ही मिळून १० जीबीत बसाव्या लागतात. ८.६ जीबीच्या फाइलीत ३.९ जीबीचं टेबल तसंच रीबिल्ड करायला गेलात, तर ते मध्येच जागा संपल्याची चूक देऊन थांबू शकतं.

उत्तर: कोअर_आणि_कॅल

परवान्याचा हिशोब मी मांडते.

स्टँडर्ड दोन पद्धतींनी मिळतं. एकात सर्व्हरचा एक परवाना आणि प्रत्येक वापरणाऱ्यामागे किंवा उपकरणामागे एक कॅल (सर्व्हरला जोडून वापरण्याचा परवाना). दुसऱ्यात कोअर मोजायचे, वापरणारे कितीही असोत. कोअर दोन-दोनच्या जोडीने विकतात आणि एका व्हर्च्युअल मशीनला किमान ४ कोअर घ्यावेच लागतात. ४ कोअर धरले, तर २०२२ च्या यादीतल्या दरांनी दोन्ही पद्धती साधारण ३० वापरणाऱ्यांपाशी समसमान होतात. तुम्ही ४० वर आहात, म्हणून तुमच्यासाठी कोअरची पद्धत स्वस्त. वीसच जण असते तर उलट झालं असतं.

कॅल मोजताना एक चूक फार होते. ‘मध्ये वेब सर्व्हर आहे, डेटाबेसला तो एकच लॉगिनने जोडला जातो, म्हणजे कॅल एकच’ असं धरलं जातं. तसं नाही. त्या वेब सर्व्हरमागे जितकी माणसं किंवा उपकरणं आहेत तितके कॅल लागतात. तपासणीत अंगाशी येतं ते बहुतेक हेच.

सॉफ्टवेअर अॅश्युरन्स या, परवान्यावरच्या जादा हक्कांसाठी करायच्या, वार्षिक खर्चाकडे ‘ऐच्छिक’ म्हणून बघू नका. २०२२ पासून एकेका व्हर्च्युअल मशीनला परवाना लावायचा असेल, तर ते चालू असावं लागतं किंवा सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. नुसतं उभं ठेवलेलं स्टँडबाय मशीन वेगळ्या परवान्याशिवाय चालतं तेही ते असेल तरच. तुम्हाला चार तासांत परत उभं राहायचं आहे, म्हणजे पाच वर्षांच्या हिशोबात हा आकडा पहिल्या दिवसापासून धरा.

एंटरप्राइज या सर्वात वरच्या आवृत्तीचा विचारही करू नका. प्रति कोअर दर स्टँडर्डच्या जवळजवळ चौपट आहे, आणि पार्टिशनिंग, कॉम्प्रेशन, कॉलमस्टोअर यांसारख्या गोष्टी २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ मध्येच खालच्या आवृत्त्यांना मिळाल्या. तुमच्या आकारात एंटरप्राइजची जाणवेल अशी एकच गोष्ट म्हणजे काम चालू असताना इंडेक्स रीबिल्ड करणं, आणि ते रात्री करता येतं.

अजून एक वाट तुमच्या यादीत नाही. एसक्यूएल सर्व्हर २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये डेटाबेसची मर्यादा १० वरून ५० जीबी झाली आहे. महिन्याला २०० एमबीच्या वेगाने जागेचा प्रश्न कित्येक वर्षं पुढे जातो. पण १४१० एमबीची मेमरी मर्यादा तशीच आहे आणि ठरलेल्या वेळी कामं चालवणारा एजंट नाहीच, म्हणजे बॅकअपची वेळापत्रकं विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून चालवावी लागतील. चढण्यापूर्वी हे लक्षात घ्या: नव्या आवृत्तीवरचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर रिस्टोअर होत नाही. परतीची वाट हवी असेल तर जुनं मशीन पूर्ण कॉपी करून बाजूला ठेवा, आणि कम्पॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ती पातळी; २०१९ ची १५०) सुरुवातीला १५० वरच राहू द्या, म्हणजे क्वेरीचे प्लॅन अचानक बदलणार नाहीत.

उत्तर: व्हॅक्यूम_वेळेवर

पोस्टग्रेसची बाजू मी मांडतो. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच तुमच्या बाबतीत घाई करू नका असं सांगेन.

क्षमतेत ते कुठेही कमी पडणार नाही. आकाराची, कोअरची, मेमरीची परवान्यातली मर्यादा नाही, आणि रेप्लिकेशन (दुसऱ्या मशीनवर सतत प्रत ठेवणं) मुळातच आहे. १६ जीबीच्या मशीनवर शेअर्ड बफर्स (डेटासाठी राखलेली मेमरी) ४ जीबी ठेवा (मुळात ते १२८ एमबी असतात, तसेच सोडणारे खूप आहेत) आणि बाकीची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशला राहू द्या. वर्क मेम (सॉर्टसारख्या कामांना मिळणारी मेमरी) वाढवताना हात आखडता ठेवा. ती मर्यादा जोडणीमागे नसते, प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशमागे असते, आणि एका रिपोर्टमध्ये असे चार-पाच टप्पे सहज असतात.

खर्च आहे तो त्या १८० प्रोसीजरमध्ये. टी-एसक्यूएल ही एसक्यूएल सर्व्हरची भाषा बदलणं हा त्यातला सोपा भाग. टॉपच्या जागी लिमिट, आयएसनलच्या जागी कोअॅलेस, अधिकच्या चिन्हाऐवजी दोन उभ्या रेघा; चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. खरा वेळ खातात ते न सांगता बदलणारे फरक.

पहिला, लहान-मोठी अक्षरं. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरं जुळवण्याच्या नियमांत) मालाचा कोड मोठ्या लिपीत लिहा की लहान, जुळतो. पोस्टग्रेसमध्ये ते दोन वेगळे कोड. युनिक बंधन असूनही एकच माल दोनदा नोंदला जाईल आणि शिल्लक दोन ठिकाणी फुटेल. सायटेक्स्ट हा लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणारा प्रकार वापरा, किंवा लोअर करून त्यावर युनिक इंडेक्स बांधा, पण पहिल्या दिवसापासून.

दुसरा, शेवटची मोकळी जागा. कोडच्या मागे स्पेस राहिली असेल तर एसक्यूएल सर्व्हर तुलनेत ती धरत नाही, पोस्टग्रेस व्हारकॅर आणि टेक्स्टमध्ये धरतो. डेटा नेण्याआधी अशा ओळी शोधून साफ करा.

तिसरा, चुकीनंतरचं वागणं. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधलं एक वाक्य फसलं की रोलबॅक होईपर्यंत पुढचं प्रत्येक वाक्य नाकारलं जातं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बऱ्याच चुकांनंतर ट्रान्झॅक्शन चालू राहतं. ‘इन्सर्ट करून बघ, डुप्लिकेट आलं तर अपडेट कर’ अशा धाटणीचं प्रत्येक प्रोसीजर इथे अडकेल. त्यासाठी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ची सोय आहे, पण प्रत्येक ठिकाण हाताने बदलावं लागतं.

हिशोब असा करा: १८० पैकी कोणतीही १० प्रोसीजर घ्या, त्यात सर्वात किचकट दोन असू द्या. ती बदलून, दोन्हीकडे तोच डेटा देऊन उत्तरं जुळेपर्यंत किती तास गेले ते लिहा. त्याला १८ ने गुणा. जो आकडा येईल तो माणसांच्या पगारात बदला आणि स्टँडर्डच्या पाच वर्षांच्या खर्चाशेजारी ठेवा. तुमच्या आकारात हा आकडा परवान्यापेक्षा मोठा निघण्याची शक्यता बरीच आहे. नवं सॉफ्टवेअर कोऱ्या पाटीवर लिहीत असता, तर मी दुसरा पर्याय सुचवलाही नसता.

गेलातच, तर दोन गोष्टी कोणीतरी नेमाने बघायला हव्यात. ऑटोव्हॅक्यूम (मेलेल्या, म्हणजे बदललेल्या किंवा काढलेल्या, ओळी साफ करणारं काम) मुळात टेबलातल्या साधारण २० टक्के ओळी मेल्याशिवाय जागा होत नाही. ५० लाख ओळींच्या टेबलात म्हणजे १० लाख मेलेल्या ओळी साचेपर्यंत. मोठ्या टेबलांवर हे प्रमाण ०.०२ करा. दुसरं, वॉल आर्काइव्ह, म्हणजे बदलांच्या लॉग फाइलींची साठवण. तुम्हाला तासाभराच्या आतला डेटा वाचवायचा आहे, तर आर्काइव्ह टाइमआउट ५ मिनिटं ठेवा आणि फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवा. पण ते दुसरं मशीन बंद पडलं, तर फाइली इथेच साचत जातात आणि डिस्क भरली की डेटाबेस थांबतो. डिस्क ७० टक्क्यांवर गेली की इशारा येईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करा.

उत्तर: पिंग_३०

क्लाउडबद्दल थोडक्यात. बॅकअप, पॅच आणि पडल्यावर दुसरीकडे उभं राहणं ही कामं तुमच्या अंगावर राहत नाहीत, आणि डेटाबेस सांभाळणारं माणूस नसेल तर ती मोठीच गोष्ट आहे. पण सॉफ्टवेअर ऑफिसात आणि डेटाबेस दूर, असं करू नका. एक स्क्रीन उघडताना ३०० छोट्या क्वेरी जात असतील, तर ऑफिसच्या नेटवर्कवर अर्ध्या मिलिसेकंदाने ते ०.१५ सेकंदात होतं. तेच अंतर ३० मिलिसेकंदांचं झालं की ९ सेकंद. सर्व्हर कितीही दणकट घेतला तरी हा आकडा हलत नाही. प्रोफायलर (चालणाऱ्या क्वेरी टिपणारं साधन) लावून बिलाच्या स्क्रीनमागे किती क्वेरी जातात ते मोजा, मगच क्लाउडचं नाव काढा.

बिलात सर्व्हरच्या भाड्याशिवाय डिस्क, बॅकअपची जादा जागा, बाहेर जाणारा डेटा आणि काही ठिकाणी डिस्कचा वेगही वेगळा लागतो. बऱ्याच सेवांमध्ये डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. आणि ‘अमुक वेळेपर्यंतचा डेटा परत द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी नवा सर्व्हर उभा राहतो, नव्या पत्त्यासह. तुमच्या चार तासांत सगळ्या मशीनवरचा पत्ता बदलणंही आलं, म्हणून आधीपासून डीएनएस नाव वापरा.

स्टॉक_लेजर

सॉकेटची मांडणी आणि स्नॅपशॉटचा पर्याय आधी करतो, मग ऑडिट. या दोन्हींनंतर स्टँडर्ड लागेल की नाही हे कशावरून ठरवू?

उत्तर: कोअर_आणि_कॅल

एक महिनाअखेर जाऊ द्या आणि वेट पुन्हा बघा. त्यांचे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे साचलेले असतात, म्हणून रिपोर्टच्या आधी एकदा आणि नंतर एकदा नोंद घेऊन फरक काढा. ‘एलसीके’ खाली गेले आणि रिपोर्ट सहन होईल इतक्या वेळात आले, तर २०२५ एक्सप्रेसवर जा आणि परवान्याचे पैसे दुसऱ्या मशीनवर आणि बॅकअपच्या डिस्कवर घाला. ‘पेजआयओलॅच’ तसेच डोक्यावर राहिले, तर आधी त्या रिपोर्टचा प्लॅन उघडून पूर्ण टेबल वाचलं जातंय का ते बघा. एका इंडेक्सने सुटत असेल तर परवाना कशाला? इंडेक्स असूनही वाचायचा डेटाच १४१० एमबीत मावत नसेल, तर मात्र स्टँडर्ड घ्या, कारण तिथे तुम्ही नेमकी मेमरी विकत घेत आहात आणि ती लगेच जाणवेल. खात्री करायला डेव्हलपर आवृत्ती फुकट आहे. चाचणीच्या मशीनवर डेटाबेसची प्रत रिस्टोअर करून, कमाल मेमरी १२ जीबी ठेवून तोच रिपोर्ट दोनदा चालवा आणि दुसऱ्यांदा लागलेला वेळ धरा. रोजच्या कामाला ती आवृत्ती वापरायची परवानगी नाही, चाचणीला आहे.

उत्तर: रो_लॉक

त्याच चाचणीच्या मशीनवर रिस्टोअरला किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा. एक्सप्रेसमध्ये बॅकअप कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे नेटवर्कवरून फाइल आणायला बराच वेळ जाऊ शकतो. रात्रीचा पूर्ण बॅकअप, दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप, आणि दोन्ही दुसऱ्या मशीनवर, ही मांडणी टास्क शेड्युलर आणि एसक्यूएलसीएमडीने (कमांड लाइनवरून क्वेरी चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) नीट चालते. फक्त टास्क अयशस्वी झाला तर एक्सप्रेस ईमेल पाठवत नाही, तेव्हा शेवटच्या लॉग बॅकअपची वेळ एमएसडीबीतून (बॅकअपच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसातून) वाचून ती ३० मिनिटांपेक्षा जुनी असेल तर इशारा देणारी छोटी स्क्रिप्ट त्या दुसऱ्या मशीनवर ठेवा.